लिकूर्गोसचं मत

कास्त्रोवुनी गावात राजाच्या बाजूने दोनशे चौदा मतं पडली आणि विरोधात एकही नाही. मतदारयादीतली नावंही नेमकी दोनशे चौदाच होती. त्यातले एकवीस जण शिकागोच्या हॉटेलांत बशा धूत होते, दोघे अंथरुणाला खिळलेले होते आणि सात जण तुर्कांविरुद्ध आशिया मायनरच्या लढाईवर गेले ते तेरा वर्षांत परत आले नव्हते. पण राजाला परत आणायचं म्हटल्यावर कुणीही घरी बसलं नाही. सगळ्यांनी मत दिलं आणि सगळ्यांनी निळी चिठ्ठीच टाकली.

असिमिनाला याचं काडीइतकं नवल वाटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी राजा नको म्हणून मतदान झालं, तेव्हा गावाने राजा नको म्हटलं होतं. त्याच्याही चार वर्षं आधी राजा हवा होता, तेव्हा हवा म्हटलं होतं. सरकारला जे ऐकायचं असेल ते बोलून मोकळं व्हायचं आणि पुन्हा शेळ्यांमागे जायचं, ही या गावाची राजनिष्ठा आणि हेच इथलं प्रजासत्ताक. तिन्ही वेळा सरपंच एकच, सोतिरिस गालानोपुलोस. कचेरीच्या भिंतीवरची तसबीर तीनदा बदलली, पण त्याला खिळासुद्धा नवा ठोकावा लागला नाही.

बायकांना मत नव्हतं. त्यामुळे रविवारी शाळेत काय चाललंय ते असिमिनाने झऱ्यावर घागर भरता भरता, रस्त्यापलीकडून पाहिलं. टेबलावर निळ्या चिठ्ठ्यांचा ढीग होता, त्या राजाच्या. प्रजासत्ताकाच्या लाल चिठ्ठ्यांचं बंडल फौजदाराने खुर्चीवर ठेवलं होतं आणि त्यावर तो स्वतः बसला होता. म्हाताऱ्या घिकासबाबाने जन्मात लाल चिठ्ठी पाहिली नाही, जरा बघू द्या, अशी विनंती केली. फौजदाराने त्याचं पूर्ण नाव विचारलं, बापाचं विचारलं आणि पेन्सिल ओली केली. तेव्हा घिकासबाबा म्हणाला की हल्ली त्याला निळंच नीट दिसतं.

असिमिना हसली आणि घागर उचलून घरी गेली. राजा येवो नाहीतर सुलतान येवो, तिला पुढच्या रविवारची काळजी होती. पुढच्या रविवारी, दहा नोव्हेंबरला, तिचं लग्न होतं. पंधरा तारखेला नाताळचे उपास सुरू झाले की चर्चमध्ये लग्न लागत नाही, मग थेट जानेवारीपर्यंत थांबा. आणि असिमिनाचं थांबून झालं होतं. वयाच्या पंचविशीपासून अडतिशीपर्यंत ती थांबलीच होती.

तिचा नवरा लिकूर्गोस त्या सात जणांपैकी एक. बावीस सालच्या ऑगस्टात ग्रीक फौजेची फळी फुटली, पळापळ झाली आणि त्यात तो कुठे पडला, कुणी पाहिलं नाही. मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. ती बायकोही नव्हती आणि विधवाही नव्हती. काळा रुमाल बांधला तर सासू म्हणायची की माझ्या पोराला जिवंतपणी मारतेस, आणि सोडला तर अख्खा गाव म्हणायचा की बघा, नटली. तेरा वर्षांनी, या सप्टेंबरात, कोर्टाने एकदाचा हुकूम काढला की लिकूर्गोस मानेसिस मयत समजावा. हुकूम आला त्या आठवड्यात असिमिनाने गहू उकडले, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका घातल्या, वर साखर थापली आणि मेलेल्यांसाठी करतात तो कोलिवा पहिल्यांदा केला. साऱ्या गावाने खाल्ला. सोतिरिसने दोन बशा खाल्ल्या आणि देव त्याला शांती देवो म्हणून तोंड पुसलं. त्या दिवशी ती पोटभर रडली. रडून झाल्यावर तिला मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याची लाजही वाटली नाही.

लग्न ठरलं होतं ते प्रोकोपिस कल्हईवाल्याशी. तो डोंगरापलीकडच्या गावचा. दर शरदात खेचरावर भाता आणि कथील लादून यायचा आणि खळ्यावर बसून गावाच्या तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावायचा. पहिल्या वर्षी त्याने असिमिनाच्या कढया चकचकीत केल्या. दुसऱ्या वर्षी, गरज नसताना, त्याच कढया पुन्हा केल्या. तिसऱ्या वर्षी तिनेच विचारलं की भांडी तर संपली, आता काय करायचं. तो एवढा लाल झाला की भात्यापाशी बसलोय म्हणून, असं सांगायची त्याच्यावर पाळी आली.

गुरुवारी दुपारी गावचा धर्मगुरू पापा-लाम्ब्रोस बिशपच्या कचेरीतून परतला. विधवेचं दुसरं लग्न लावायला बिशपचा परवाना लागतो, तो आणायला हा गेला होता. चांगल्या बातमीला पापा दारातूनच हाक मारतो. आज तो आत आला, बसला, पाणी प्यायला, दाढी कुरवाळली, पुन्हा पाणी प्यायला. असिमिनाने ओळखलं की काहीतरी माशी शिंकली.

भानगड अशी होती. परवान्यासाठी गावच्या कचेरीचा दाखला लागतो की हा माणूस खरोखरच गावात नाही. गावचा कारकून मिल्तियादिस हा अक्षराने सुंदर आणि डोक्याने सरळ माणूस. दाखला द्यायचा म्हणजे वहीत त्या नावापुढे शेवटची नोंद काय आहे ती उतरवायची, एवढं त्याला ठाऊक. त्याने ती उतरवली, सही केली, शिक्का मारला. नोंद होती, तीन नोव्हेंबर, हजर, मतदान केले.

पापा खाली बघत म्हणाला, "बिशपसाहेब विचारतात, गेल्या रविवारी मत देऊन गेलेल्या माणसाच्या बायकोचं लग्न मी कसं लावू?"

 असिमिनाने चपला घातल्या.

कचेरीत सोतिरिस आणि मिल्तियादिस दोघेही होते. सोतिरिस तिचा कुंबारा. तिच्या आणि लिकूर्गोसच्या लग्नात दोघांच्या डोक्यांवरच्या मुकुटांची तीनदा अदलाबदल करणारा माणूस तोच. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा पक्कं मानतात. पक्कं असतंही, जोवर वरून तार येत नाही तोवर. तिने त्याला शांतपणे सांगितलं की लिकूर्गोसच्या नावापुढची ती नोंद खोड.

 सोतिरिसने समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. निकालाची तार गेली आहे. शेजारच्या आलोनाकीने एकशे एक्याऐंशीपैकी एकशे ऐंशी दिली, कारण त्यांना एक मेलेला सापडलाच नाही. अख्ख्या तालुक्यात पैकीच्या पैकी देणारं गाव एकच, कास्त्रोवुनी. प्रांताधिकाऱ्यांनी स्वतः टेलिफोन करून शाबासकी दिली. आता एक नाव खोडलं की ते विचारणार, बाकीची बघू. मग शिकागोवाले निघणार, मग ते सहा जण निघणार, आणि मग सोतिरिस आत जाणार.

"कुंबारे," असिमिना म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी तू त्याचा कोलिवा दोन बशा खाल्लास. तेव्हा तो मेलेला होता की नव्हता?"

"तेव्हा होता," सोतिरिस म्हणाला.

"आणि रविवारी?"

"रविवारी देशाला गरज होती गं."

मिल्तियादिस तेवढ्यात मध्ये पडला. नोंद तशी नियमाप्रमाणे आहे, असं तो म्हणाला, कारण नावापुढे खूण असेल तर हजर लिहायचं असतं, आणि खूण सरपंचांनी केली होती. सोतिरिसने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा वहीत शिरला.

असिमिनाला रडू येत होतं, पण ते त्या दोघांसमोर यावं एवढी त्यांची लायकी नव्हती. तिला लग्न अडल्याचं दुःख होतं, पण संताप वेगळ्याच गोष्टीचा होता. लिकूर्गोसने निळी चिठ्ठी टाकली म्हणे. याच राजाच्या बापाच्या हट्टापायी तो आशिया मायनरच्या माळावर गेला होता. त्याचं शेवटचं पत्र तिच्या पेटीत होतं. इथे पाणी नाही, पाव नाही, राजाची तसबीर मात्र प्रत्येक तंबूत आहे, असं त्याने लिहिलं होतं. परत आलो तर या घराण्याला देशात पाणी मागायलाही दार सापडू देणार नाही, असंही. आणि त्याला न विचारता, मातीतून उठवून, रांगेत उभं करून या लोकांनी त्याच्या हातात निळा कागद दिला होता. जिवंत माणसाची एवढी विटंबना करायला निदान फौजदार तरी लागतो.

शुक्रवारी सकाळी सोतिरिस तिच्या दारात आला तो वेगळाच माणूस होऊन. चेहरा फुललेला, काखेत कागद, मागे फौजदार. त्याला युक्ती सुचली होती आणि प्रांताधिकाऱ्यांना ती एवढी आवडली होती म्हणे की ते टेलिफोनवर दोनदा वा म्हणाले. युक्ती साधी होती. लिकूर्गोस मत देईपर्यंत जिवंत होता, मग मेला.

त्याने कागद वाचून दाखवला. तेरा वर्षं तुर्कांच्या कैदेत खितपत पडलेला सैनिक लिकूर्गोस मानेसिस राजाला परत बोलावतायत हे ऐकून डोंगरदऱ्या तुडवत शनिवारी गावी पोचला. रविवारी पहिल्या नंबरला उभं राहून त्याने स्वहस्ते निळी चिठ्ठी टाकली. निकाल ऐकून त्याचं हृदय आनंदाने भरून आलं आणि सोमवारी पत्नीच्या मांडीवर, महाराजांचा जयजयकार करीत, त्याने प्राण सोडला. खाली पत्नीची सही.

शनिवारी दफन, शवपेटी सुताराकडे सांगितली आहे, आत दगड घालू, असं सोतिरिस उत्साहाने सांगत होता. चाळीस दिवसांचं सुतक बिशप माफ करतील, वरून शब्द गेला आहे. रविवारी तुझं लग्न. राजधानीतून वर्तमानपत्रवाला येईल, फोटो काढेल. कदाचित राजा बोटीतून उतरेल तेव्हा त्याच्या हातात फुलं द्यायला तुलाच नेतील. एवढं बोलून तो खाटेवर बसला आणि कॉफीची वाट बघू लागला.

असिमिनाने कॉफी केली नाही. तिने कागद हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचला. वाचायला तिला लिकूर्गोसने शिकवलं होतं. लग्नानंतर त्यांना दोन हिवाळे मिळाले. त्या दोन हिवाळ्यांत चुलीपुढच्या राखेत काडीने अक्षरं गिरवून त्याने तिला तिचं नाव लिहायला शिकवलं होतं, आणि गावाने त्याला बायल्या म्हटलं होतं. तीच सही या कागदाखाली हवी होती. 

"उद्या सकाळपर्यंत सांगते," ती म्हणाली.

"सांगायचं काय त्यात?" फौजदार म्हणाला. "सही कर आणि नवरी हो."

दुपारी ती खळ्यावर गेली. प्रोकोपिस शेवटची एक परात पुसत होता. त्याला सगळं कळलं होतं. गावात कुणाच्या कोंबडीने अंडं दिलं तरी खळ्यापर्यंत कळतं. तो मान खाली घालून म्हणाला की सही करून टाक. कागद तो, दोन दिवसांनी उंदीर खातील. त्यानेही आपल्या गावात निळीच टाकली, टाकायची नव्हती तरी. फौजदार दारात, एरंडेलाची बाटली टेबलावर. गेल्या वेळी हुकूम न मानणाऱ्या तिघांना ती पाजली होती.

"तू टाकलीस ती तुझ्या हाताने," असिमिना म्हणाली. "घाबरलास म्हणून टाकलीस, पण हात तुझा होता. त्याला तर हातही उरला नाही. आणि तो माझ्या मांडीवर मेला असं मी लिहून देऊ? तो कुठे मेला ते मला माहीत नाही, प्रोकोपिस. कुणाच्या मांडीवर तर नाहीच. तहानेने मेला असेल, एकटा मेला असेल. तेवढंच त्याचं स्वतःचं राहिलंय. ते मी सरपंचाला आणि फौजदाराला कॉफीबरोबर द्यायचं का?"

प्रोकोपिस परात पुसत राहिला. तिला त्याचाही राग आला. पुरुषांच्या हातात मत काय, परात काय, पुसण्यापलीकडे काही जमत नाही, असं तिला वाटलं. मग तिने ते विचारलं जे विचारायला ती आली होती. मुकुटाशिवाय, पापाशिवाय, बिशपच्या कागदाशिवाय नेशील का. तुझी आई दारात उभी राहून थुंकेल, गाव पाणी भरू देणार नाही, पोर झालं तर त्याला नाव ठेवतील. आत्ता सांग, नको असेल तर नको म्हण, मी सही करणार नाही ती नाहीच.

तो बराच वेळ परातीत स्वतःचं तोंड बघत बसला. तिचा जीव टांगणीला लागला होता. ती त्याच्याकडे न बघता डोंगराकडे बघत राहिली. शेवटी त्याने विचारलं की घरात तांब्याची भांडी एकूण किती आहेत आणि ती एका खेचरावर मावतील का. मावली नाहीत तर चुलतभावाचं मागून आणतो.

शनिवारी सकाळी तिने कागद कचेरीत नेऊन टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती. सोतिरिसने विनवण्या केल्या, कुंबारपणाची शपथ घातली, लिकूर्गोसच्या आत्म्याची शपथ घातली. कुठला आत्मा, तो तर हजर आहे, असं ती म्हणाली आणि बाहेर पडली. सुताराने पेटी करून ठेवलीच होती. तिचं काय झालं, यावर पुढे बरेच दिवस वाद चालला. शेवटी कचेरीत तिच्यात जुन्या तसबिरी ठेवल्या असं म्हणतात.

रविवारी, दहा तारखेला, प्रार्थना संपवून गाव चर्चमधून बाहेर पडत होता तेव्हा असिमिना चौकातून निघाली. मुद्दाम त्याच वेळी. काळा रुमाल नव्हता. दोन खेचरं होती, कढया एकमेकींवर आपटत होत्या, सगळ्या नव्या कल्हईच्या. पुढच्या खेचराचा दोर धरून प्रोकोपिस चालत होता. मान वर करून म्हणवत नाही, पण चालत होता.

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पापा-लाम्ब्रोसला एकाएकी आत काहीतरी विसरल्याची आठवण झाली आणि तो चर्चमध्ये परत गेला. सोतिरिस मात्र रस्त्यात आडवा आला. वर्तमानपत्रवाला रिकाम्या हाती गेल्याचा राग होता, प्रांताधिकाऱ्यांचा टेलिफोन बंद झाल्याचा राग होता, आणि आता हिला रडताना बघायची त्याला गरज होती. लग्नाशिवाय परक्या पुरुषाच्या घरी चाललीस, तुझ्या डोक्यावर मी माझ्या हाताने मुकुट ठेवला होता, गावाची अब्रू गेली, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. फौजदार पट्टा सावरत पुढे झाला.

"नवरा जिवंत असताना दुसऱ्याच्या घरात राहणं हा गुन्हा आहे," तो म्हणाला. "दोघांनाही आत टाकीन. कागदावर तुझा नवरा जिवंत आहे, कळलं का?"

प्रोकोपिसने दोर सैल सोडला. असिमिनाने ते पाहिलं आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. 

तेवढ्यात गर्दीत मिल्तियादिस खाकरला. खरं म्हणजे त्याने गप्प बसायला हवं होतं, पण नियम चुकीचा सांगितलेला त्याला सहन होत नसे, तो फौजदाराने सांगितला तरी. तो अदबीने म्हणाला की साहेब, कलम तसं नाही. या गुन्ह्यात सरकारला स्वतःहून काही करता येत नाही. तक्रार नवऱ्याने स्वतः हजर राहून, सहीनिशी द्यावी लागते.

फौजदाराने सोतिरिसकडे पाहिलं. सोतिरिस जमिनीकडे बघू लागला.

"मग बरंच झालं की," असिमिना म्हणाली. "कुंबारे, तुमच्या वहीत तो हजर आहे ना? लिकूर्गोसला बोलाव. त्याची हरकत असेल तर इथे चौकात येऊन मला सांगू दे. मी थांबते."

आणि ती खरोखरच थांबली. खेचरं थांबवली, झऱ्याच्या कट्ट्यावर बसली आणि झगा सावरून कचेरीच्या दाराकडे बघत राहिली, सगळा गाव एकेक करून घरी जाईपर्यंत.